तळ्याच्या तळाशी ज्वारी

तळ्याच्या तळाशी ज्वारी सापडली, आणि ती आधी दिसली जगदेवीलाच.

सकाळपासून पडद्यावरचा नकाशा निळाच होता. बर्फाखाली तिचं यंत्र तळ्याच्या चिखलात रांगत होतं, थोड्या थोड्या अंतरावर एखादी अळी टिपत होतं, तिच्या पोटात काय आहे ते वाचत होतं आणि नकाशावर एक ठिपका ठेवून पुढे सरकत होतं. निळा म्हणजे नेहमीचं खाणं. मग काठावरच्या लाकडी धक्क्यापुढच्या खोलगट भागात एक नारिंगी ठिपका उमटला. त्याच्यापुढे तांबडा. त्याच्या शेजारी आणखी तीन तांबडे.

मागे मार्केत्ता उभी होती. शोधपथकाची ही प्रमुख पन्नाशीची, कामापुरतं बोलणारी बाई. तांबडा रंग म्हणजे काय, असं तिनं विचारलं. "ज्वारी," जगदेवी म्हणाली. "या मुलखात ज्वारी फक्त आमच्या घरात आहे."

मार्केत्तानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्या हातानं काय सांगायचं ते सांगून टाकलं.

फिनलंडच्या पार उत्तरेचं हल्लायार्वी हे तळं. नोव्हेंबर सरत आलेला, तळ्यावर नुकताच धरलेला बर्फ, काठावर संशोधन केंद्राची चार लाकडी घरं आणि भोवती पाइनचं जंगल. त्यातल्या एका घरात जगदेवी, तिचा नवरा दामाजी नागणे आणि सासू सोजराबाई राहत. मंगळवेढ्याकडच्या रीतीप्रमाणे जगदेवी सासूला आत्या म्हणे. दामाजी जंगलातल्या हवामानाच्या मनोऱ्यांची देखभाल करायचा. तो घरातून बाहेर पडला त्याला आता आठवडा उलटून गेला होता. त्याच्या पावलांचे माग तळ्याच्या दिशेनं थोडे गेले होते, पुढे ताज्या बर्फानं सगळं पुसून टाकलं होतं. मनोऱ्यांच्या पश्चिमेच्या रांगेकडे जायची जवळची वाट तळ्यावरून होती आणि नवा बर्फ कुठे जाड होता तर कुठे पापडासारखा. लोकांनी जो अंदाज बांधायचा तो बांधला होता. आता यंत्रानं त्यावर शिक्का मारला.

आणि यंत्र जगदेवीनंच बांधलेलं होतं.

वर्षातले सात महिने बर्फाखाली, अंधारात राहणाऱ्या तळातल्या अळ्या-किडे जगतात कशावर, या साध्या प्रश्नात तिच्या आयुष्याची बारा वर्षं गेली होती. "माणसांचं काय चाललंय ते बघायचं सोडून किड्यांचं जेवण मोजती," असं सोजराबाई भावकीत सांगत, त्यात तक्रार अर्धी आणि कौतुक अर्धं. प्रश्न मात्र दिसतो तितका साधा नाही. अळीचं पोट फाडून पाहिलं तर दिसतो नुसता चिखल. त्यातलं तिच्या अंगी काय लागलं हे सांगतो कार्बन. कार्बनचे बहुतेक अणू हलके, शंभरात एखादा किंचित जड. हवेतून अन्न करताना वनस्पती हा जड अणू टाळतात, पण सगळ्या सारख्याच टाळत नाहीत. पाइन, गहू, बटाटा, शेवाळ हे फार चोखंदळ. ज्वारी, बाजरी, मका, ऊस या कडक उन्हातल्या पिकांची अन्न करायची तऱ्हाच निराळी. ती जड कार्बनही बराचसा घेऊन टाकतात, आणि ती खाणाऱ्याच्या अंगातही तोच उतरतो. आणि तळाच्या चिखलात पाला कुजून जो मिथेन वायू सुटतो त्यातला कार्बन सगळ्यांत हलका. त्या वायूवर जंतू जगतात आणि जंतूंवर अळ्या. खोल तळ्यातली अळी कधी कधी निम्मीअधिक वायूचीच बनलेली असते, हे जगदेवीनं दाखवून दिलं तेव्हा भल्याभल्यांनी तोंडात बोटं घातली.

पूर्वी यासाठी अळ्या गोळा करून प्रयोगशाळेत धाडाव्या लागत. जगदेवीचं यंत्र एकेका अळीच्या पोटातला घास जागच्या जागी वाचू लागलं. "तू कार्बनला त्याचं गोत्रच विचारतीस की," असं दामाजी म्हणाला होता, आणि तेव्हापासून घरात त्याचं नाव गोत्रयंत्र पडलं.

पुढे काय होणार याची कल्पना तिलाही नव्हती. थंड पाण्यात बुडालेलं माणूस वर येत नाही. इथल्या तळ्यांनी कित्येकांना असं ठेवून घेतलं होतं. कुणाच्या तरी डोक्यात आलं, की तळातले किडे काय खातात हे समजत असेल तर तळाशी काय पडलंय हेही समजेल. दोन हिवाळ्यांत गोत्रयंत्रानं इतकी माणसं शोधून दिली, की कुत्री आणि पाणबुडे मागे पडले. मग नियमच झाला. माणसं थोडी आणि जंगल अफाट, तेव्हा यंत्रानं तळ्यात खूण दाखवली की जमिनीवरचा शोध थांबवायचा.

तो आता थांबणार होता. रात्रीपासून मोठं वादळ येणार होतं, ते तीन-चार दिवस हलणार नव्हतं. पलीकडच्या डोंगरात दोन मुलं वाट चुकली होती. इथलं हेलिकॉप्टर तिकडे पाठवायला हवं, असं मार्केत्ता म्हणाली. पाणबुडे वादळानंतर येतील. घाई करण्यासारखं आता काही उरलं नाही, हे तिनं फार हळुवारपणे सांगितलं आणि सासूला सांगायला सोबत येऊ का म्हणून विचारलं. जगदेवी नको म्हणाली.

घराकडे जाताना तिला रडू येत नव्हतं, राग येत होता. शेवटचं बोलणं तिचंच होतं. त्या सकाळी दोघांचं भांडण झालं होतं, जुनंच, परत जायचं की इथंच राहायचं यावरचं. आत्या न्हाणीघरात होत्या. आवाज चढू नये म्हणून दोघं दात-ओठ खाऊन बोलत होती, आणि तसं बोललेलं जास्त लागतं. "तुला कुणी धरून ठेवलंय? जायचं तर जा," असं ती म्हणाली आणि तो पिशवी उचलून गेला. पथकानं विचारलं तेव्हा तिनं कामावर गेला एवढंच सांगितलं. कामावरच गेला असणार. घरातलं भांडण चार परक्या माणसांपुढे आणि सासूपुढे कशाला मांडायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तिला लहानपणापासून शिकवलेलं होतं.

सोजराबाईंनी ताट वाढलेलं होतं. रोजच वाढत होत्या. दामाजीच्या पाटासमोर ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, वाटीत आमटी. मालदांडी ज्वारीचं पीठ मंगळवेढ्याहून येई आणि दुसऱ्या कुठल्या धान्याला दामाजी जेवण मानतच नसे. ताट तसंच निवून जाई. पुढे ते आत्याच खात असतील, असं जगदेवीनं गृहीत धरलं होतं.

तिनं उभ्यानंच सांगितलं. तळ्यात खूण सापडली, म्हणाली. यंत्र चुकत नाही, हेही म्हणाली.

सोजराबाईंनी ऐकून घेतलं. "कसली खूण? कापड घावलं? बूट?"

"नाही आत्या. तळातल्या किड्यांच्या पोटात..."

म्हातारी म्हणाली, "किड्यांचं मला सांगू नको. माझा लेक आला की जेवंल." आणि ताट उचलून, डोक्यावर शाल ओढून ती बाहेर गेली.

जगदेवी खिडकीपाशी गेली ती सासू बर्फात घसरेल या धास्तीनं. सोजराबाई घसरल्या नाहीत. पायाखालची वाट असावी तशा त्या फळ्यांच्या धक्क्यावर गेल्या, टोकाशी बसल्या, जिथे ओढा तळ्याला मिळत असल्यानं बर्फ धरत नसे. तिथे त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि पाण्यात सोडला. मग दुसरा. सगळी भाकरी संपेपर्यंत.

जगदेवी अंगावर कोट न घालताच धावली.

"आत्या, हे काय करताय?"

"दिसत न्हाई का? ताट वाढल्यालं टाकू कुठं? दुसऱ्यानं त्याचं खायचं न्हाई." सोजराबाई ताट पाण्यात खळबळत म्हणाल्या. "गाय असती तर गाईला घातलं असतं. कावळे हायत हितं, हे एवढाले. पण कावळ्याला घातलं की ते गेलेल्याचं पान होतं. माझा लेक गेलेला न्हाई. म्हणून पाण्याला देते. पाण्याला कुणाचंबी चालतं."

"रोज?"

"तो आला न्हाई त्या दिवसापासनं."

जगदेवीच्या डोळ्यांपुढे तळ्याचा तळ उभा राहिला. तिला तो स्वयंपाकघरापेक्षा जास्त ओळखीचा होता. ओढ्याचं पाणी धक्क्यापासून सरळ त्या खोलगट भागात उतरतं. हलकं, भिजून कण झालेलं काहीही तिथेच जाऊन बसतं. तांबडे ठिपके नेमके तिथे होते. तळ्याच्या तळाशी ज्वारी होती, यात शंका नव्हती. ती कुणाच्या अंगातून आली होती, की कुणाच्या ताटातून?

हे सांगतं नत्र. अन्नाच्या शिडीवर एकेक पायरी चढताना नत्र जड होत जातं. धान्याचं हलकं, ते खाणाऱ्याचं जड. एरवी प्रेत शोधताना नत्रच आधी बघत. पण त्याला ओंजळभर अळ्या लागतात, वेळ लागतो, आणि इथे कार्बननं इतकी उघड साक्ष दिली होती, की नत्रासाठी थांबायचं कुणालाच सुचलं नव्हतं. तिलाही नाही.

ती केंद्रात पोचली तेव्हा हेलिकॉप्टरचा पंखा फिरायला लागला होता. तिनं मार्केत्ताचा हात धरला, अक्षरशः धरला, आणि धापा टाकत भाकरीची गोष्ट सांगितली. मार्केत्ताच्या चेहऱ्यावर आली ती दया. माणूस गमावलेल्या बायकांकडे ती बघायची, तेव्हा हीच दया जगदेवीनं तिच्या चेहऱ्यावर पाहिलेली होती.

"जगदेवी," ती म्हणाली, "यंत्रावर विश्वास ठेवायला आम्हाला तूच शिकवलंस. आता ठेवू नका म्हणतेस?"

"यंत्र खरंच बोलतंय. आपण त्याला अर्धाच प्रश्न विचारला. मला दुसरा अर्धा विचारू दे."

मार्केत्तानं आकाशाकडे पाहिलं. दिवसाचा उजेड जेमतेम उरला होता आणि उत्तरेकडून काळं भरून येत होतं. तिनं वैमानिकाला हातानं खूण केली. पंखा थांबला नाही, पण हेलिकॉप्टरही उडालं नाही.

जगदेवीनं यंत्र पुन्हा तांबड्या ठिपक्यांवर नेलं. आता अळ्या नुसत्या टिपून चालणार नव्हतं, त्या गोळा करायच्या होत्या. चिखलात ते इतकं सावकाश रांगत होतं, की आपण स्वतः पाण्यात उतरून ओंजळी भराव्यात असं तिला वाटत होतं. थंडीनं त्याची बॅटरी अर्ध्यावर आली होती. आणि तिला भीती वाटत होती, ती नुसती वेळ निघून जायची नव्हे. नत्र जड निघालं तर? मग भाकरीचा आधारही संपणार होता. सोजराबाई मागे येऊन भिंतीशी टेकल्या होत्या.

पडद्यावर रेघ सरकत गेली आणि एका जागी थांबली. जगदेवीनं आकडा वाचला, पुन्हा वाचला, आणि मार्केत्ताला म्हणाली की तू वाच, माझ्या डोळ्यांचा भरवसा नको.

मार्केत्तानं चष्मा चढवला. "हलकं आहे," ती म्हणाली. "धान्यच आहे. मांस नाही." तिनं चष्मा काढला. "बरं. इथे तरी त्याची खूण नाही. मग कुठे? पश्चिमेची रांग आम्ही दोनदा पिंजून काढली. वादळाआधी मला एक फेरी मिळेल, एकच. कुठे पाठवू?"

जगदेवीनं मान खाली घातली. पश्चिमेला शोध घेतला गेला तो तिच्या शब्दावर. ती झाकली मूठ आता उघडावी लागणार होती, तीही सासूच्या देखत. तिनं आधी मार्केत्ताला तिच्या भाषेत सांगितलं, मग वळून मराठीत सांगितलं, कारण नुसतं परक्या भाषेत सांगून मोकळं होणं तिला पळून गेल्यासारखं वाटलं.

"आत्या, त्या सकाळी आमचं भांडण झालं होतं. तो कामावर गेला नव्हता बहुतेक. मी त्याला जा म्हणाले होते."

सोजराबाईंनी कपाळाला हात लावला. "आगं, मग हे आधी सांगायचं न्हाई का? मला वाटलं तो कामावरच गेला." त्या भिंतीपासून पुढे आल्या. "रुसला की तो वर चढतो. ल्हानपणापासनं. रानात पाखरं राखायचा माळा होता, बाप बोलला की त्यावर जाऊन बसायचा. दिस मावळंपर्यंत. मी खाली उभं राहून जेवाय हाक मारायची, तवा उतरायचा."

उंच जागा, शिडी असलेली. जगदेवीला आठवायला फार वेळ लागला नाही. पूर्वेच्या कड्यावर एक जुना मनोरा होता. गेल्या उन्हाळ्यात दामाजीनंच तो कायमचा बंद केला होता; त्याच्या पायथ्याशी अवजारांची खोली होती आणि तिथे ना फोन चालत होता ना रेडिओ. घरासमोरून तळ्याच्या काठाकाठानं थोडं गेलं की त्या कड्याची वाट फुटत होती. माग तळ्याकडे गेले होते हे खरंच होतं. पण बंद मनोऱ्याकडे जायचं कुणाला काही कारण नव्हतं, म्हणून तिकडे कुणी फिरकलं नव्हतं.

"पूर्वेचा कडा," ती म्हणाली. मार्केत्ता हेलिकॉप्टरकडे पळाली.

मागे दोघीच उरल्या. रेडिओ खरखरत होता. सोजराबाई घराकडे गेल्या आणि थोड्याच वेळात शेजारच्या त्या घरातून भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला. तो आवाज थांबवा असं जगदेवीला ओरडून सांगावंसं वाटलं. या म्हातारीच्या खात्रीची तिला आता भीती वाटत होती. ती खात्री खोटी ठरली तर ती दोघींनी उचलायची कशी?

वारा सुटला. खिडकीवर बर्फाचा पहिला सपकारा आला. वैमानिकाचा आवाज तुटक येत होता. कडा ढगात आहे, काही दिसत नाही, एकदा वळून परत फिरतो, असं तो म्हणत होता. मग बराच वेळ नुसती खरखर. मग मार्केत्ताचा आवाज आला, तो आधी जगदेवीला ओळखूच आला नाही.

"धूर आहे. खोलीच्या नळीतून धूर येतोय."

दामाजीचा पाय मोडला होता. मनोऱ्याच्या गोठलेल्या शिडीवरून उतरताना पडला, तो खोलीपर्यंत सरपटत गेला होता. तिथली शेगडी आणि लाकडं होती म्हणून तो गोठला नाही, आणि पिशवीत कडक भाकऱ्यांची चवड नि चटणी होती म्हणून उपाशी मेला नाही. दोन बोटं मात्र थंडीनं गेली. लाकडं आणखी एका दिवसापुरती उरली होती. वादळ चार दिवस चाललं.

जूनमध्ये तळं मोकळं झालं. मावळायचं नाव न घेणाऱ्या उन्हात दोघं धक्क्यावर बसली होती, दामाजीची काठी मध्ये. शोधाचा नियम बदलला होता. आता नत्र पाहिल्याशिवाय कुणी शोध थांबवत नसे. परत जायचं की राहायचं हे अजून ठरलेलं नव्हतं, पण आता दोघं त्यावर मोठ्यानं भांडत, सासूच्या देखत. तळातल्या अळ्यांना पंख फुटून त्या थव्यांनी वर येत होत्या, पाण्यावर धुरासारख्या तरंगत होत्या. हे किडे चावत नाहीत. एक दामाजीच्या मनगटावर येऊन बसला आणि त्यानं हात उगारला.

"मारू नकोस," जगदेवी म्हणाली. "मंगळवेढ्याची ज्वारी असेल त्याच्या अंगात."

तो हसला. किडा उडून गेला. मग तळ्याकडे बघतच त्यानं विचारलं, "तुझ्या यंत्रानं मला मेलेला ठरवला होता म्हणं."

"हो."

"आणि तू?"

नाही म्हणणं सोपं होतं, आणि त्याला ते आवडलंही असतं.

"मीसुद्धा," ती म्हणाली. "तुझी आई ताट वाढत होती. मी नव्हते वाढत."

तो काठीच्या टोकानं फळीवरची ओल पसरवत राहिला. "मी काय शहाणा होतो?" तो शेवटी म्हणाला. "दोन दिवस वरच राहणार होतो. तू हाक मारायला येतीस का बघावं म्हणून. पहिल्या रात्री पाय धड होता माझा. दुसऱ्या दिवशी वाट बघून उतरायला लागलो, तवा पडलो."

जगदेवीनं त्याचा हात धरला आणि धरूनच ठेवला.

घराच्या दारातून सोजराबाईंची हाक आली. "दामू, ताट वाढलंय रे."

तो बसून राहिला. जगदेवी उठली, त्याच्यासमोर उभी राहिली आणि काठी उचलून त्याच्या हातात दिली.

"चल," ती म्हणाली. "जेवायला चल."

आणि तो उठला.